धौलीचा दगड आणि आपली वस्ती



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे विहार कमिटीने सांगितले तेव्हा आम्ही म्हणालो, आम्ही काय लिहिणार? आम्ही गिरणीतली माणसं. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या ग्रंथांतून. परंतु एक प्रश्न आमच्या मनात तीस वर्षे घर करून बसला आहे. तो आज आपल्यापुढे मांडतो.

१९९३ चा जानेवारी महिना. मुंबई जळत होती. आम्ही तेव्हा नुकतेच विशी ओलांडलेले, साळखात्यात बदली कामगार. आमच्या पलीकडच्या सांच्यावर एक मुसलमान भाऊ काम करायचा. वयाने मोठा, म्हणून आम्ही त्याला चाचा म्हणायचो. सांचा कसा हाकायचा, तुटलेला धागा कसा सांधायचा, हे त्यानेच शिकवले. दंगलीत त्याची खोली लुटली गेली. दंगल शमल्यावर वस्तीत शांतता कमिटीची बैठक झाली. खुर्च्यांवर कोण बसले होते? पुढारी, ठेकेदार, दोन-चार दुकानदार. चाचाला बोलावणे नव्हते. ज्या मावशीने शेजारच्या मुसलमान पोरांना तीन रात्री आपल्या पोटमाळ्यावर लपवले, तिलाही नव्हते. भाषणे झाली, हात मिळवले, फोटो निघाले, चहा झाला.

चाचा तक्रार घेऊन तीन वेळा चौकीवर गेला. शेवटी हातात कागद मिळाला, की गुन्हा खरा आहे पण आरोपी सापडत नाहीत. त्याने बिऱ्हाड उचलले आणि मुंब्र्याला गेला. पुन्हा आला नाही. वस्तीत शांतता होती, नाही असं नाही. पण ती कसली शांतता? मार खाल्लेला माणूस निघून गेला म्हणून झालेली ती शांतता!

तेव्हापासून आम्ही विचार करतो. दंगल थांबणे वेगळे आणि शांतता नांदणे वेगळे. पोलिसांनी कर्फ्यू लावला की दंगल थांबते. पण शांतता टिकवायला काय लागते? चांगली माणसं लागतात, असं लोक म्हणतात. चांगली माणसं तर त्या वेळीही होती. मग कमी काय पडले? याचे उत्तर शोधता शोधता आम्ही पार सम्राट अशोकापर्यंत जाऊन पोहोचलो.

कलिंगानंतर अशोकाने काय केले

अशोकाची गोष्ट आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे. कलिंगची लढाई झाली, रक्त पाहून राजाला पश्चात्ताप झाला आणि तो धम्माला शरण गेला. गोष्ट खरी, पण अर्धी. पश्चात्ताप झाल्यावर त्याने कारभारात काय बदल केला, हे आपण सांगतच नाही. खरा धडा तिथेच आहे.

अशोकाच्या तेराव्या शिलालेखात त्याने स्वतः कबुली दिली आहे. राज्याभिषेकाला ८ वर्षे झाली असताना त्याने कलिंग जिंकले. १,५०,००० माणसे तिथून पकडून नेली, १,००,००० मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. जिंकणाऱ्या राजाने आपल्या हातून मेलेल्यांचा आकडा दगडावर कोरून ठेवावा, अशी उदाहरणे जगाच्या इतिहासात फार थोडी आहेत.

पण गंमत पाहा. हा तेरावा लेख शाहबाजगढी, कालसी, गिरनार अशा दूरदूरच्या ठिकाणी आहे. खुद्द कलिंगात नाही. ओरिसात भुवनेश्वरजवळ दया नदीकाठी धौली आहे, आणि गंजाम जिल्ह्यात जौगड. या दोन्ही ठिकाणी अशोकाचे बाकीचे लेख आहेत. अकरावा, बारावा आणि तेरावा मात्र गाळले आहेत. त्यांच्या जागी दोन वेगळ्या आज्ञा कोरल्या आहेत. ज्यांच्या घरातली माणसं मेली त्यांना मेलेल्यांचा आकडा पुन्हा का ऐकवायचा, असा विचार त्यामागे असावा, असे अनेक अभ्यासक म्हणतात. याच दोन आज्ञा पुढे कर्नाटकातल्या सन्नती गावच्या देवळातल्या एका शिळेवरही सापडल्या. ती शिळा मूर्तीच्या बैठकीसाठी वापरलेली होती!

त्या दोन आज्ञांत काय आहे? पहिली आज्ञा आहे तोसलीच्या महामात्रांना, म्हणजे नगरातला न्याय बघणाऱ्या अधिकाऱ्यांना. जौगडला तीच समापाच्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. त्यात अशोक सांगतो की सगळी माणसे माझी लेकरे आहेत. हे वाक्य आपण कॅलेंडरवर छापतो. त्याच्या पुढचे मात्र कुणी छापत नाही. पुढे तो अधिकाऱ्यांना झापतो. त्याचा मथितार्थ असा, की माझे म्हणणे तुम्हाला पुरते कळलेले नाही. एखादा माणूस विनाकारण तुरुंगात पडतो, त्याचा छळ होतो, आणि त्याच्यामागे आणखी कितीतरी लोक दुःख भोगतात. असे होऊ देऊ नका.

म्हणजे काय, तर कलिंग जिंकून झाले, लढाई संपली, राजाही बदलला. पण कोतवाली बदलली नव्हती! सामान्य माणसाला राजा कधी दिसत नाही. त्याला दिसतो तो चौकीवरचा शिपाई आणि कचेरीतला कारकून. अन्याय होतो तो तिथे, आणि शांतता मोडते तीही तिथेच. २२०० वर्षांपूर्वी हे ओळखणाऱ्या राजाला आम्ही म्हणूनच थोर म्हणतो.

अधिकाऱ्याचे सात दोष

त्याच आज्ञेत अशोकाने न्याय बिघडवणारे दोष मोजून दाखवले आहेत. मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरपणा, उतावळेपणा, सवय नसणे, आळस आणि थकवा. हे सात दोष आपल्यात येऊ नयेत, अशी इच्छा अधिकाऱ्याने धरावी, असे तो सांगतो. आपण कुठल्याही कचेरीच्या रांगेत उभे राहून बघावे. सातांपैकी एखादा तरी भेटल्याशिवाय राहत नाही.

नुसता उपदेश करून तो थांबला नाही. त्याने तीन गोष्टी लावून दिल्या. पहिली, ही आज्ञा तिष्य नक्षत्राच्या दिवशी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची, आणि मधल्या काळात एकट्यादुकट्याने ऐकायची म्हटली तरी ऐकवायची. म्हणजे अधिकाऱ्याने कसे वागायचे, हे रयतेलाही ठाऊक पाहिजे. दुसरी, दर ५ वर्षांनी कठोर नसलेला महामात्र तपासणीला पाठवायचा. उज्जैनहून राजकुमाराने असा माणूस ३ वर्षांच्या आत पाठवायचा, तक्षशिलेहूनही तसेच. तिसरी गोष्ट दुसऱ्या आज्ञेत आहे. सरहद्दीवरच्या, न जिंकलेल्या लोकांना विश्वास द्यायचा, की राजाकडून तुम्हाला दुःख नाही, सुखच मिळेल.

बाकीच्या लेखांतही हीच दृष्टी आहे. राज्याभिषेकाच्या १३ वर्षांनंतर त्याने धम्ममहामात्र नेमले. बंदिवानांपैकी कुणाला लेकरंबाळं आहेत, कोण म्हातारा आहे हे पाहून त्यांना मदत करणे, सोडवणे, हेही त्यांच्या कामात होते. चौथ्या स्तंभलेखात त्याने दोन मोलाचे शब्द वापरले आहेत : व्यवहारसमता आणि दंडसमता. खटला चालवण्यात समानता आणि शिक्षा देण्यात समानता. मरणाची शिक्षा झालेल्याला ३ दिवसांची मुदतही त्याने दिली.

हे सगळे लांब ओरिसातले म्हणून सोडून देऊ नका. आपल्या नालासोपाऱ्यालाही अशोकाचा लेख होता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या लेखाचा तुकडा तिथे मिळाला आणि १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, नवव्याचा तुकडा सापडला. विरार लोकलने जाताना आपण सम्राटाच्या आज्ञेच्या जागेवरून जातो.

मग ही व्यवस्था टिकली का?

इथे आम्हाला प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. अशोक आपला आहे म्हणून त्याचे सगळेच गोड मानणे बरोबर नाही. पकडून नेलेल्या दीड लाख माणसांना परत पाठवले, असे त्याच्या दगडावर कुठेही लिहिलेले नाही. पश्चात्ताप झाला, पण त्या कलिंगवासीयांचे घर त्यांना परत मिळाल्याची नोंद नाही. तेराव्या लेखात तो जंगलातल्या लोकांना समजावतो, आणि पश्चात्ताप झाला असला तरी आपल्या हातात बळ आहे, याचीही जाणीव करून देतो.

अशोक इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास गेला. पुढच्या ५० वर्षांत मौर्यांचे राज्यच संपले. शेवटचा राजा बृहद्रथ याला त्याचाच सेनापती पुष्यमित्र शुंग याने मारले. धौलीपासून जवळच उदयगिरीच्या हाथीगुंफेत कलिंगचा राजा खारवेल याचा लेख आहे. खारवेल सर्व पंथांचा मान राखणारा म्हणवतो. पण तोही मगधावर चालून गेल्याचे अभिमानाने सांगतो, आणि पूर्वी नंद राजाने नेलेली जिनमूर्ती परत आणल्याचे सांगतो. बघा, घाव किती पिढ्या लक्षात राहतो! नेलेली वस्तू परत मिळाली नाही, तर कुणीतरी पुढे ती आणायला तलवार घेऊन निघतो.

अशोकाची व्यवस्था का कोसळली? आमच्या अल्पमतीप्रमाणे कारण एवढेच, की ती सगळी एका माणसाच्या चांगुलपणावर उभी होती. महामात्र राजाला जबाबदार होते, रयतेला नव्हते. राजा गेला आणि तपासणी करणाराच गेला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात नेमका हाच धोका दाखवला होता. राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, आणि घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरते, अशा अर्थाचे ते बोलले. त्याच भाषणात त्यांनी भिक्खूसंघाच्या कारभाराचा दाखला दिला. बसायची व्यवस्था, ठराव, मतदान, गणसंख्या हे सगळे नियम संघाला ठाऊक होते, असे त्यांनी सांगितले.

संघात तंटा कसा मिटवत

बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आपल्या घरोघरी आहे. त्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांचे भांडण आहे. संघसभेत सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. परंतु नुसते ‘युद्ध नको’ म्हणून तो खाली बसला नाही. त्याने उपाय सुचवला. दोन माणसे आपली, दोन कोलीयांची, आणि त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा. या पाचांनी तंटा सोडवावा. म्हणजे शांततेसाठी त्याने संस्था सुचवली! बहुमताने ती फेटाळली आणि सिद्धार्थाला घर सोडावे लागले. आपल्या धम्माची सुरुवातच अशी एका न झालेल्या पंचायतीतून झाली आहे.

पुढे संघात तंटे मिटवायचे सात मार्ग ठरले. सातही इथे सांगत नाही, दोनच सांगतो.

पहिला ‘सम्मुखाविनय’. संघ समोर, धम्म समोर, विनय समोर आणि ज्यांचा तंटा आहे ती माणसे समोर, असा निवाडा झाला पाहिजे. पाठीमागे झालेला निवाडा, निवाडा नव्हे. आता आमच्या वस्तीतली ती शांतता कमिटी आठवा. चाचा समोर होता का?

दुसरा ‘तिणवत्थारक’, म्हणजे गवताने झाकणे. दोन गट इतके भांडले, की एकेक चूक उगाळत बसले तर भांडण वाढतच जाईल. अशा वेळी दोन्ही बाजू एकत्र जमतात, प्रत्येक बाजूचा एक जण उठून आपल्या सगळ्यांच्या वतीने चूक कबूल करतो, आणि प्रकरणावर गवत टाकतात. किती शहाणपणाची रीत! परंतु तिला दोन अटी आहेत. गंभीर गुन्हे त्यात झाकता येत नाहीत, आणि गृहस्थांना ज्यात त्रास पोहोचला तेही झाकता येत नाही. शिवाय आधी कबुली, मग गवत. आपल्याकडे पुढारी येतात आणि म्हणतात, झालं गेलं विसरून जा. कबुली कुणी देत नाही, खून आणि जाळपोळ त्याच गवताखाली घालतात. ते गवत मग वाळते आणि एक ठिणगी त्याला पुरते.

मुंबई आणि भिवंडी

आता आपल्या काळाकडे येऊ. ६ डिसेंबर १९९२ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन फेऱ्यांत ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. बाकीच्यांत बहुतेकांची ओळखच पटली नाही. १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे गेली.

स्फोटांसाठी टाडा न्यायालय बसले. १०० जण दोषी ठरले, २००७ पर्यंत शिक्षा सुनावल्या गेल्या. ते योग्यच झाले. निरपराध माणसांना मारणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण दंगलीचे काय? श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला. जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने तो गुंडाळला आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा सुरू केला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला, ऑगस्टमध्ये विधिमंडळात ठेवला. त्यात ३१ पोलिसांवर ठपका होता. सरकारने निष्कर्ष स्वीकारले नाहीत. तेराशेहून अधिक गुन्हे ‘खरे, पण तपास लागत नाही’ म्हणून बंद झाले. चाचाच्या हातातला कागद त्यातलाच. शेवटी ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले, की लोकांचे रक्षण करण्यात राज्य कमी पडले. बेपत्ता १६८ जणांपैकी १०८ जणांच्या वारसांना भरपाई पोहोचलीच नव्हती, त्यांना शोधण्याचा हुकूम दिला. ३० वर्षे! अशोकाची दंडसमता इथे कुठे राहिली? एका आगीचा हिशोब पुरा, दुसरीचा अर्धाही नाही. मग लोकांच्या मनात शांतता कशी बसेल?

आता भिवंडी बघा. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर, यंत्रमागाचे गाव. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडी पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याचा बारीक तपास केला. दंगलीनंतर गुन्ह्यांच्या तपासासाठी जे खास पथक नेमले होते त्यानेच पक्षपात केला, असे आयोगाला आढळले. म्हणजे शांतता राखायला नेमलेल्या संस्थेनेच अशांततेचे बी पेरले. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली. भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून अडीचशेवर माणसे मेली. भिवंडी म्हणजे दंगलीचे गाव, असे नावच पडले.

आणि १९९२ ला, सगळा देश पेटला असताना, भिवंडी शांत राहिली! चमत्कार झाला का? आपण बौद्ध आहोत, चमत्कार मानत नाही. कारण शोधतो. १९८८ पासून तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या होत्या. दंगल झाल्यावर जमवायच्या त्या शांतता कमिट्या नव्हत्या. दंगल नसताना त्या नियमित बसायच्या. त्यांत बडे पुढारी नव्हे, तर त्या त्या मोहल्ल्यातली दोन्ही समाजांची साधी माणसे होती, आणि त्याच भागात काम करणारा पोलीस होता. नळाचे भांडण, पोरांचे भांडण तिथेच मिटायचे. पोलीस नावाने माणूस ओळखायचा आणि माणूस पोलिसाला. त्यामुळे अफवा आली तरी ‘थांब, विचारून येतो’ म्हणायला जागा होती. तिष्य नक्षत्राचा दिवस आणि मोहल्ल्याची बैठक, दोन्हींचे मर्म एकच आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसांनी, समोरासमोर बसायचे.

मुंबईतही पुढे सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्यांचे काम उभे राहिले, ही चांगली गोष्ट. परंतु भिवंडीचीही पुढची गोष्ट सांगितली पाहिजे. जुलै २००६ मध्ये कबरस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तिथे भडका उडाला. पोलिसांच्या गोळीबारात २ माणसे गेली आणि जमावाने २ शिपायांना मारले. एकदा बांधलेली संस्था आपोआप टिकत नाही. अधिकारी बदलून जातो, बैठका विरळ होतात आणि पुन्हा ‘तू कोण, मी कोण’ सुरू होते.

आपल्या जखमा

दुसऱ्यांचे सांगताना आपल्या जखमा विसरून कसे चालेल? जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल झाली. १० तारखेच्या मोर्चात शहीद भागवत जाधव गेले. भस्मे आयोग बसला, पण त्याने आपल्या आयाबायांच्या मनाला काय दिलासा मिळाला, ते वरळीतल्या जुन्या माणसांना विचारा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव केला. मराठवाड्यात आपली घरे जळली आणि सरकारने ठरावच थांबवला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. घर जाळल्याने ठराव थांबतो, असा धडा जाळणाऱ्यांना मिळाला. संस्था शांततेच्या आड कशी येते, त्याचे हे उदाहरण.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलीस गोळीबार झाला आणि आपले १० जण मारले गेले. गुंडेवार आयोग बसला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने २००९ साली, म्हणजे १२ वर्षांनी, जन्मठेप दिली. पुढे हायकोर्टाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. आयोग म्हणजे न्याय नव्हे, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको. आयोग सत्य सांगतो. ते सत्य कुणाच्या हातात देऊन कामाला लावायचे, हे कायद्यात पक्के नसेल तर अहवाल कपाटात पडतो.

बौद्ध म्हणवल्याने भागत नाही

एक कडू गोष्ट आपल्याच लोकांना सांगतो. राग मानू नये. सत्ता बौद्धांची आली की शांतता आपोआप येईल, असे आपल्यातल्या काहींना वाटते. श्रीलंका बघा. अशोकाचा पुत्र महेंद्र आणि कन्या संघमित्रा तिथे धम्म घेऊन गेले. बाबासाहेब १९५० साली तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. त्याच देशात १९५६ साली फक्त सिंहली भाषेचा कायदा झाला. १९५७ साली पंतप्रधान बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. भिक्खूंनीच विरोध केला आणि १९५८ मध्ये तो करार मोडला. १९५९ मध्ये बंडारनायकेंना गोळ्या घातल्या त्याही एका चीवरधारीने! पुढे १९८१ ला जाफन्याचे ग्रंथालय जळाले, १९८३ ला तमिळांची कत्तल झाली आणि युद्ध २००९ पर्यंत चालले. संस्थेने एकाच समाजाची बाजू घेतली, की तिच्यावर धम्मचक्र कोरले काय आणि दुसरे काही कोरले काय, शांतता येत नाही. अशोकाने बाराव्या लेखात सांगितलेच आहे, की आपल्या पंथाच्या भक्तीपोटी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करणारा आपल्याच पंथाचे नुकसान करतो.

मग आपण काय करायचे?

आम्ही काही मोठे विचारवंत नाही. पण कामगार आहोत, काम काय करायचे ते विचारण्याची सवय आहे. म्हणून तीन गोष्टी सुचवतो.

पहिली. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे आणि त्याचे नियम १९९५ चे. त्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीची बैठक दर ३ महिन्यांनी, आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य समितीची वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, झालीच पाहिजे. हा आपला तिष्य नक्षत्राचा दिवस आहे, आणि तो राजाच्या मर्जीवर नाही, कायद्यात लिहिलेला आहे. विहाराच्या तरुणांनी अर्ज करून विचारावे, बैठक कधी झाली, इतिवृत्त दाखवा. दर ३ महिन्यांनी विचारावे. विचारणारा असला की आळस हा दोष जरा कमी होतो.

दुसरी. विहारात एक वही ठेवावी. वस्तीत भांडण, अन्याय, मारहाण झाली तर तारीख, वेळ, कोण काय म्हणाले, हे त्याच दिवशी लिहावे. दोन्ही बाजूंचे लिहावे. चाचाच्या लुटीची अशी नोंद कुणी ठेवली असती, आम्ही ठेवली असती, तर ‘तपास लागत नाही’ म्हणणे इतके सोपे गेले नसते. आम्ही तेव्हा गप्प राहिलो. ती चूक आज या पानावर कबूल करतो. आधी कबुली, मग गवत.

तिसरी. महिन्यातून एका पौर्णिमेला वंदनेनंतर शेजारच्या चाळींतल्या, मोहल्ल्यातल्या माणसांना चहाला बोलवावे. पुढाऱ्यांना नव्हे, शेजाऱ्यांना. मावशीसारख्या बायांना पुढे बसवावे. आणि दुसऱ्यांना बोलावण्याआधी आपले घर बघावे. आपल्याच वस्तीत जयंतीच्या दोन कमिट्या, दोन मंडप, दोन पावतीपुस्तके. दोघांनी आधी समोरासमोर बसावे. सम्मुखाविनय आपल्यापासून सुरू होऊ द्या.

मध्यंतरी आमच्या धाकट्या मुलाने विचारले, पप्पा, दंगलीत तुम्ही काय केलं? आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. विहाराच्या पुढच्या वर्धापनदिनी, त्याच्या पोरांनी त्याला काही विचारले, तर त्याच्यापाशी उत्तर असावे, एवढीच इच्छा. आणि शेजारच्या खुर्चीवर एखादा चाचा बसलेला असावा.

चूकभूल द्यावी घ्यावी.

भवतु सब्ब मंगलम्! नमो बुद्धाय! जय भीम!